पंधरा डबे

गेलांग सेराई, सिंगापूर
२० फेब्रुवारी १९६४

ग्वेक,

डबा पोचला. संत्र्यांतली दोन वाटेत दबली, बाकीची मस्तुराने दोन दिवसांत संपवली, बोटं पिवळी करून घेतली. टार्ट अगदी तोंडात विरघळले. तुझ्या हाताला चव आहे ती आहेच.

यंदा तुमचं नवं वर्ष आणि आमची ईद एकाच आठवड्यात आली, त्यामुळे दुकानांत गर्दी अशी की मैदा मिळेना. हे बंदरातून येताना म्हणाले, चिनी आणि मलय एकाच वेळी घर झाडायला लागले की शहरभर नुसती धूळ. सिंगापूर मलेशियात गेल्यापासून आपण एकाच देशात आहोत, तेव्हा धूळही एकच.

मस्तुराचा फोटो सोबत आहे. पुढच्या महिन्यात चौदाची होईल. आरशासमोर तास घालवते, गणितात मात्र पाच मिनिटं घालवत नाही. ठरल्याप्रमाणे तिला काही सांगितलेलं नाही. तिची आई मी आणि बाप हे, एवढंच तिला ठाऊक. पाच वेळा पोटभर दूध पाजलं की आमच्यात ती दुधाची लेक होते, आणि मी तर दीड वर्ष पाजलं. तेव्हा हे खोटंही म्हणता येत नाही.

डब्यात गूळ आणि नारळाच्या दुधाचं दोदोल भरून पाठवते आहे. ते चिकट आहे, जपून खा. मागच्या वर्षी तुझ्या धाकट्याचा दात हलला होता, त्याचा दोष मी घेणार नाही.

कलसोम

—

तेंगकेरा, मलाक्का
२६ जुलै १९६४

ताई,

रेडिओवर ऐकलं. पैगंबरांच्या जयंतीच्या मिरवणुकीत गेलांगकडे दंगल झाली, कर्फ्यू लागला, माणसं मेली. किती मेली ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. माशांच्या बाजारातली चिनी बाई म्हणते मलयांनी सुरुवात केली, शेजारच्या मशिदीतले लोक म्हणतात चिन्यांनी बाटली फेकली. मी दोघांनाही विचारलं, तुम्ही तिथे होतात का? कोणीच नव्हतं.

मला राजकारण नको. फक्त एवढं लिही की मस्तुरा बरी आहे. तू पत्र लवकर टाकत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून दुहेरी कार्ड पाठवते आहे. त्यावर पत्ता आधीच घातलाय. नुसतं ‘बरी’ लिहिलंस तरी चालेल.

माझ्या सासूबाईंनी रेडिओ ऐकून काय म्हटलं सांगू? म्हणाल्या, “वाघाच्या वर्षातली पोर, जिथे जाईल तिथे आग.” पंचाहत्तरीच्या झाल्या आहेत. पन्नास साल आमच्या चिनी पंचांगातलं वाघाचं, तेव्हा याच बोलल्या होत्या की ही मुलगी घरात राहिली तर बापाच्या जिवावर उठेल. मुलगी दिली. बाप तरी तीन वर्षांनी टायफॉइडने गेलाच. आता त्यांना कोण सांगणार!

ग्वेक नियो

—

गेलांग सेराई
५ ऑगस्ट १९६४

ग्वेक,

बरी आहे. तुझ्या कार्डावर एकच शब्द लिहायचा मोह झाला होता, पण तू रागावशील.

त्या दिवशी मस्तुरा दिवसभर घरातच होती. पोट दुखत होतं म्हणून मिरवणूक बघायला गेली नाही. आमच्या गल्लीत काही झालं नाही. कोपऱ्यावरचं आ-सोचं किराणा दुकान चार दिवस बंद होतं, तेवढी साखर नव्हती. आ-सो तुला माहीत नसेल, होक्कियन चिनी बाई आहे. आ-सो म्हणजे वहिनी, सगळी गल्ली तिला तेच म्हणते.

काळजी करू नकोस.

कलसोम

—

गेलांग सेराई
१४ फेब्रुवारी १९६५

ग्वेक,

पंधरावा डबा पोचला. टार्ट फारच छान झाले होते. यंदाही दोन्ही सण एकाच आठवड्यात, पण यंदा कोणी विनोद केला नाही. शेजारची चिनी मुलं ईदला आमच्याकडे आली, खाऊन गेली, पण त्यांच्या आया दारापाशीच उभ्या राहिल्या.

बातमी आहे. आम्ही मलाक्काला परत यायचं म्हणतोय. यांच्या भावाने जागा बघितली आहे, तुझ्या घरापासून पाच मिनिटांवर. हे दंगलीपासून गप्प गप्प असतात. म्हणतात, “इथे रोज नवं भाषण. एक पुढारी म्हणतो मलेशिया सगळ्यांचा, दुसरा म्हणतो मलयांचा हक्क पहिला. आणि दोघांची भाषणं संपली की बंदरावर क्रेनखाली मी आणि माझा चिनी फोरमन उभे असतो, एकमेकांकडे न बघता. तिकडे निदान कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायची भीती नाही.”

ऑगस्टच्या शाळेच्या सुट्टीत येऊ. तू शेजारीण म्हणून तिला बघशील. यापलीकडे काही नाही. हे मी आधीच सांगते.

कलसोम

—

तेंगकेरा
१ मार्च १९६५

ताई,

शेजारीण तर शेजारीण. मी तिला बाजारात बघीन, “केवढी उंच झालीस गं” म्हणीन, जसं कोणीही म्हणतं. त्याहून जास्त काही बोलले तर माझी जीभ झडो.

ती जागा मी बघून आले. मागे विहीर आहे, पाणी गोड आहे. छपराला एका बाजूला गळती आहे, पण घरमालक दुरुस्त करून देतो म्हणाला. मी त्याच्या डोक्यावरच बसले आहे. खिडकीतून माझ्या अंगणातलं पपईचं झाड दिसतं. ते तुला आवडणार नसेल तर पडदा लाव.

पंधरा वर्षं मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आताही मागत नाही. फक्त ऑगस्ट लवकर यावा असं वाटतं, आणि हे कोणाला सांगायचं तर तुलाच.

ग्वेक नियो

—

गेलांग सेराई
१२ ऑगस्ट १९६५

ग्वेक,

तुला कळलंच असेल. सोमवारी सकाळी मी खोबरं खवत होते, रेडिओवर गाणं मध्येच थांबलं आणि सांगितलं की सिंगापूर आता मलेशियात नाही. मी खोबरं खवतच राहिले. अर्धा नारळ झाल्यावर लक्षात आलं काय ऐकलं ते.

शहरात चिनी वस्तीत फटाके वाजले असं म्हणतात. आमच्या आ-सोने लावले नाहीत. ती दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाली, “कलसोम, आता तांदूळ कुठून आणायचा?” हे संध्याकाळी कामावरून आले, शर्टही न काढता बसून राहिले. मग म्हणाले, “काल रात्री झोपलो तेव्हा आपण मलय या देशात जास्त होतो. सकाळी उठलो तर कमी झालो. आणि मी तर कुशीसुद्धा बदलली नव्हती.” मला हसू आलं आणि नंतर वाईट वाटलं.

आमचं येणं रद्द झालं आहे. यांची बंदरातली पेन्शन अडकेल. मस्तुराची शाळाही मध्येच सोडवत नाही. घरमालकाला सांग आणि त्याला त्रास दिल्याबद्दल माफी माग.

कलसोम

—

तेंगकेरा
३० ऑगस्ट १९६५

ताई,

घरमालकाला सांगितलं. त्याने छप्पर दुरुस्त केलं होतं. आता तिथे एक शिंपी राहायला आला आहे.

पेन्शनचं कारण तू कोणाला सांगतेस? कासिमदादांच्या भावाकडून मला कळलं की दादांना आता पहिल्यापेक्षा जास्त यायचं आहे. नको म्हणते आहेस ती तू. का, तेही मला कळतं. दंगल झाली, देश फुटला, आणि आता तुला कोणत्याही चिनी बाईचं तोंड बघायचं नाही. मग स्पष्ट लिही ना! इकडे आमच्या गल्लीत हल्ली सगळे स्पष्टच बोलतात. परवा पोस्टात मी तुझं नाव लिहिलेलं पाकीट दिलं, तर कारकून म्हणाला, “न्योन्याबाई, हे आता परदेश झालं. मलय मैत्रिणींना पत्र लिहायचं तर इथे काय कमी आहेत?”

मी माझी मुलगी तुला दिली तेव्हा ती मलय होईल हे मला माहीत होतं. ती परदेशी होईल हे कोणी सांगितलं नव्हतं.

पंधरा वर्षं वर्षाला एक डबा. त्याहून जास्त मी कधी तिच्यासाठी काही केलं नाही, करू दिलं नाहीस. आता तेवढंही तुला जड होत असेल तर तसं कळव.

ग्वेक नियो

—

गेलांग सेराई
१५ सप्टेंबर १९६५

ग्वेक,

तुझं पत्र आलं त्याला आठ दिवस झाले. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद चुलीत घातला. आता जे खरं आहे ते लिहिते, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण.

त्या दिवशी मस्तुरा घरात नव्हती. मिरवणूक बघायला गेली होती. कल्लांगच्या पुलापाशी पळापळ झाली, तिची मैत्रीण हातातून सुटली, ती मागच्या गल्ल्यांतून धावत आली आणि आ-सोच्या मागच्या दाराशी पडली. मागून चिनी पोरांचा जमाव काठ्या घेऊन येत होता. आ-सोने तिला आत ओढलं. डोक्यावरची ओढणी काढली, अंगातला मलय झगा काढला आणि स्वतःच्या मुलीचा सदरा-पायजमा चढवला. पोरं दुकानात शिरली तेव्हा आ-सो तिला झाडू मारत होती आणि चिनीत शिव्या देत होती, “कामाची ना धामाची!” पोरांनी तिच्याकडे बघितलं आणि निघून गेली. एकालाही शंका आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्फ्यू उठल्यावर ती त्याच कपड्यांत घरी यायला निघाली. आमच्या वस्तीच्या तोंडाशी आमची मलय पोरं उभी होती. त्यांनी तिला अडवलं. “ही चिनी पोरगी इथे कशाला आली?” लहानपणापासून ज्याच्याबरोबर खेळली तो शेजारणीचा मुलगाही त्यांत होता, त्यानेही ओळखलं नाही. तिने मोठमोठ्याने कुराणातली फातिहा म्हटली. तरी त्यांनी सोडलं नाही, हे धावत गेले तेव्हा सुटली.

घरी आल्यावर ती रडली नाही. आरशासमोर उभी राहिली आणि मला विचारलं, “आई, दोन्हीकडच्या लोकांना एकच गोष्ट कशी दिसली?” मी म्हटलं, घाबरलेल्या माणसांना काहीही दिसतं. तेव्हापासून ती आरशात बघते ती वेगळीच बघते.

तेंगकेराला तुझ्या माझ्या वयाच्या प्रत्येक बाईला माहीत आहे ती कोणाची. तिथे आलो तर आठवड्यात कोणीतरी तिला सांगेल. तुला नाही बघायचं म्हणून मी थांबले नाही, ग्वेक. ती तुला बघेल म्हणून थांबले. फेब्रुवारीत वाटत होतं, नाही जमलं तर बसमध्ये बसून परत येऊ. आता जायचं म्हणजे एक देश सोडायचा, आणि ती तिथे तुझी झाली तर मी कुठल्या देशात परत येऊ? मला भीती वाटते. हे मी यांनाही सांगितलेलं नाही.

आणखी एक. तू डब्याचं लिहिलंस म्हणून सांगते, नाहीतर मरेपर्यंत सांगितलं नसतं. तुझे टार्ट आम्ही कधी खाल्ले नाहीत. संत्री खाल्ली, ती सालीत येतात. शेजारी राहत होते तेव्हा तुझ्या सासूच्या चुलीवर काय शिजायचं ते मला मधल्या भिंतीतून वासावरून कळायचं. टार्टमध्ये लोणी की डुकराची चरबी, हे पत्रातून कसं विचारायचं? म्हणून पहिल्या वर्षी डबा तसाच आ-सोला दिला, आणि मग दरवर्षी दिला. ती डबा धुऊन, शेंगदाणे भरून परत करायची. मी शेंगदाणे काढून दोदोल भरायचे. तुला लिहायचे, तोंडात विरघळले.

दंगलीनंतर मी आ-सोला विचारलं, तू स्वतःच्या जिवावर उदार होऊन माझी मुलगी का वाचवलीस? म्हणाली, “चौदा वर्षं तू मला नव्या वर्षाचे टार्ट देतेस. दुसरी कुठली मलय बाई देते?”

तेव्हा तुझे डबे वाया गेले नाहीत. पण मी खोटं बोलले.

कलसोम

—

तेंगकेरा
२ जानेवारी १९६६

ताई,

साडेतीन महिने मी तुला लिहिलं नाही. पहिला महिना राग होता, दुसरा महिना त्याहून जास्त. तिसऱ्या महिन्यात सासूबाई आजारी पडल्या आणि मग वेळच नव्हता. गेल्या आठवड्यात त्या वारल्या. शेवटपर्यंत त्यांनी मस्तुराचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

आता ऐक. तुझे टार्ट मी त्या चुलीवर कधीच भाजले नाहीत. तू गेलीस त्याच वर्षी एक पितळी साचा, एक कडा मुडपायचा चिमटा आणि एक पत्र्याची थाळी नवी आणली. ती तिन्ही धुवट कापडात बांधून माझ्या कपाटात, कपड्यांच्या वर ठेवते, स्वयंपाकघरात नाही. मशिदीच्या बांगवाल्याची बायको मक बिदा, तिच्या परसात भट्टी आहे. दरवर्षी तिच्याकडे जाऊन तिच्या भट्टीत भाजते, लोणी तिच्याच दुकानदाराकडून आणते. तिची एकच अट, पहिला टार्ट तिचा. सासूबाई म्हणायच्या, “मलयांची मोलकरीण झालीस का?” मी म्हणायचे, वर्षातून एक दिवस.

तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. दरवर्षी छान झाले म्हणालीस, म्हणून मला वाटलं तू जाणून आहेस. मीही मूर्ख. मला वाटायचं, ती खाते. जानेवारीत अननस किसताना मी दरवर्षी हाच विचार करायचे की हे तिच्या पोटात जाणार.

तू खरं लिहिलंस म्हणून मीही लिहिते. बासष्टमध्ये पुतण्याच्या लग्नाला सिंगापूरला आले होते, तुला कळवलं नाही. मस्तुराच्या शाळेच्या फाटकासमोर उभी राहिले. ती बाहेर आली, बर्फाचा गोळा घेतला, लाल सरबताचा, आणि मैत्रिणीशी भांडत निघून गेली. मी हाक मारली नाही. तिच्या वाटेला जायचं नाही ही शपथ मोडली ती एवढीच.

यंदा डबा पाठवत नाही. साचा, चिमटा आणि थाळी पाठवते आहे. कृती वेगळ्या कागदावर आहे. तुझ्या घरात, तुझ्या चुलीवर, तुझ्या लोण्यात कर. मग शंका नको. फक्त एक टार्ट तिला दे.

ग्वेक नियो

—

गेलांग सेराई
२८ जानेवारी १९६६

ग्वेक,

हे पत्र टपालाने येणार नाही. घेऊन येणारीला आधी घरात घे, पाणी दे, मग वाच.

तुझा साचा रोज्यांच्या दिवसांत पोचला. ईदच्या आदल्या दिवशी मी आणि मस्तुरा करायला बसलो. अननस मी आटवला, थोडा लागला. कडा मुडपणं मला काही जमेना, पीठ चिमट्याला चिकटून यायचं. मस्तुराने माझ्या हातातून चिमटा घेतला आणि चार टार्टनंतर भराभर करायला लागली. तिने विचारलं, हा साचा कोणाचा? मी म्हटलं, मलाक्काच्या एका मैत्रिणीचा. तिथेच थांबायचं ठरवलं होतं मी.

पण टार्ट बरोबर झाले की नाही हे सांगणार कोण? या घरात ते कोणी चाखलेले नाहीत. ती चव माहीत असलेली सिंगापुरात एकच बाई, म्हणून आ-सोला बोलावलं. तिने एक खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाली, “लागलाय थोडा. पण अगदी तस्सेच, दरवर्षी तुझे येतात तसे.”

मस्तुराने विचारलं, “दरवर्षी म्हणजे?”

आ-सो माझ्याकडे बघायला लागली. मी चुलीकडे बघत होते. मग सांगितलं. सगळं सांगितलं, वाघाचं वर्ष, दूध, डबे, बर्फाचा गोळासुद्धा. हे दारात उभे होते. आ-सो दोन टार्ट हातात घेऊन हळूच निघून गेली.

मस्तुरा ईदचा पुरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मोठ्यांच्या पाया पडून माफी मागायचा दिवस तो. दरवर्षी ती सगळ्यात आधी माझ्यापुढे बसते. यंदा संध्याकाळपर्यंत आली नाही, मग मीच तिच्यापुढे जाऊन बसले. तेव्हा ती रडली आणि मीही. दुसऱ्या दिवशी तिने डबा घासला, कागद घातला, उरलेले टार्ट मोजून रचले. मी म्हटलं, दे, पोस्टात टाकते. ती म्हणाली, “नको. मी स्वतः नेऊन देते. टपालाने पाठवला तर न उघडता शेजारणीला देऊन टाकतील.” हे हसायला लागले. कितीतरी महिन्यांनी हसले.

हे तिला घेऊन येत आहेत, पण ते भावाकडे उतरतील. तुझ्या दारापर्यंत ती एकटी जाईन म्हणते. सरहद्दीच्या पुलावर अजून ओळखपत्र दाखवलं की सोडतात. पुढे काय करतील सांगता येत नाही.

साचा, चिमटा, थाळी तिच्याबरोबर परत पाठवते आहे. तिच्यासाठी काही करावंसं वाटलं तर त्यातच कर, मक बिदाच्या भट्टीत. ती खाईल. तिखट सोसत नाही, खोबरं आवडतं. रागावली की जेवत नाही, तेव्हा मागे लागू नकोस, अर्ध्या तासाने आपणहून येते. रात्री पाय उघडे टाकते. ती तुला काय म्हणून हाक मारील ते मला माहीत नाही, मी तिला शिकवलेलं नाही.

ओळखायला अडचण पडणार नाही. कपाळ तुझंच आहे, मी पंधरा वर्षं रोज बघते आहे.

सोमवारी तिची शाळा आहे. तिला परत पाठव.

कलसोम